साबण हाताशी असावा

‘जेवणापूर्वी हात धुवावेत’ हे वाक्य मुले आरोग्याच्या तासाला बिनचूक म्हणून दाखवितात आणि मधल्या सुटीत तसेच हात खिचडीच्या ताटात घालतात. जाणणे आणि आचरणे यांतील हे अंतर कसे कमी करता येते, याचा पडताळा कराची शहरातील गरीब वस्त्यांत घेण्यात आला.

एप्रिल २००२ ते एप्रिल २००३ या काळात तेथील ३६ वस्त्यांची पाहणी झाली. त्यांपैकी २५ वस्त्यांत कुटुंबांना मोफत साबण पुरविण्यात आला. कार्यकर्ते दर आठवड्यास घरोघरी जात. शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि तान्ह्यास भरविण्यापूर्वी हात धुण्याचा आग्रह धरीत. हात ओले करून, भरपूर फेस काढून, ४५ सेकंद चोळावयाचे, अशी रीत शिकविली जाई. उरलेल्या ११ वस्त्यांत मुलांसाठी वह्या, पुस्तके व पेन्सिली देण्यात आल्या. (शिक्षकास ही देणगी अधिक मोलाची वाटेल; परंतु वह्यांनी जुलाब थांबत नाहीत.) २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साबणाच्या वस्त्यांत पंधरा वर्षांखालील मुलांतील जुलाबाचे प्रमाण ५३ टक्क्यांनी, तर पाच वर्षांखालील बालकांतील न्युमोनियाचे प्रमाण ५० टक्क्यांनी कमी आढळले. काही घरांना जंतुनाशक साबण दिला होता, काहींना साधा. फलात फरक पडला नाही. साबण मळ सुटा करतो आणि पाणी तो जंतूंसह वाहून नेते, हेच खरे काम होय. महाग वडीचा हट्ट त्यामुळे व्यर्थ आहे.

तथापि तेथे साबण फुकट मिळत होता व आठवणही दर आठवड्यास होत होती, हे विसरून चालणार नाही. शाळेतही नुसता उपदेश पुरणार नाही. साबण पाण्याजवळच हवा. उघडी वडी कावळा पळवितो किंवा ती पाण्यात विरघळून जाते. म्हणून जाळीच्या पिशवीत घालून ती नळाशी टांगावी. नळ नसल्यास एका मुलाने तांब्याने पाणी घालावे. सर्वांनी एकाच बादलीत हात बुडवू नयेत. मुलांची खात्री पटविण्यासाठी तेलात कोळशाची पूड कालवून दोघांच्या हातांना लावावी. एकाने नुसत्या पाण्याने धुवावे, दुसऱ्याने साबणाने. कोणाच्या तळव्यावर काजळी राहिली, हे वर्गानेच पाहावे. त्यानंतर ताटे मांडण्यापूर्वी शिक्षकाने प्रथम स्वतःचे हात त्याच वडीने, मुलांच्या रांगेत उभे राहून धुवावेत.