खाडीचे पाहुणे आणि नवा कॅमेरा

नवी मुंबईच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी पसरलेली आहे. हिवाळा सुरू झाला, की या खाडीत दूरदूरचे पाहुणे येऊ लागतात. लांब पाय, लांब मान, वाकडी चोच आणि गुलाबी पंख असलेले हे पक्षी म्हणजे रोहित होत. फ्लेमिंगो या नावानेही आपण त्यांस ओळखतो. खाडीतील सूक्ष्म शैवाल हे त्यांचे मुख्य अन्न. त्यातील रंगद्रव्यांमुळेच त्यांच्या पिसांस गुलाबी छटा येते. २०१५ साली या खाडीचा काही भाग शासनाने फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. पुढे २०२२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही त्याचा समावेश झाला.

या पाहुण्यांमुळे आमच्या घरी एकदा मोठा प्रश्न उभा राहिला, त्याची ही हकीकत आहे.

माझी नात सातवीत शिकते. आपल्या परिसरातील पक्ष्यांची चित्रवही तयार करून आणावी, असे तिच्या वर्गास सांगण्यात आले होते. माघ शुद्ध त्रयोदशीस रविवार होता. दुपारी चारच्या सुमारास ती वडिलांचा पाच वर्षांचा जुना स्मार्टफोन घेऊन माझ्याबरोबर नेरूळच्या पाणथळीवर आली. तळ्यात पाणी होते. परंतु रोहित मात्र मोजकेच, आणि तेही पार पलीकडच्या काठाशी. तिने फोनच्या पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र मोठे केले व पुष्कळ छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहते, तो प्रत्येक चित्रात पक्ष्याच्या जागी गुलाबी ठिपका!

ती हिरमुसली होऊन म्हणाली, "आबा, हा फोन आता कामाचा राहिला नाही. नव्या फोनच्या जाहिराती तुम्ही पाहिल्यात ना? त्यांत दूरच्या पक्ष्याचे पीस न् पीस दिसते. बाबांना सांगा ना, नवा घ्यायला!"

तिच्या वडिलांचे मन विरघळले. त्यांच्यापाशी थोडी रक्कम शिल्लक होती. मात्र ती घराचे गळके छत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करण्यासाठी बाजूला ठेवलेली होती. "छत यंदा राहू द्यावे, उरलेले पैसे हप्त्यांनी फेडू," असे ते म्हणू लागले.

मी लगेच 'नको' म्हटले नाही. मागणाऱ्यास नकार देणे सोपे असते. आपली मागणी योग्य आहे की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवता आले पाहिजे. मी नातीस म्हटले, "बाळ, नवा कॅमेरा चांगला आहे काय, हा प्रश्न आपण नंतर विचारू. आधी असे विचारू, की तुझे चित्र नेमके कशामुळे अडले?"

शेजारच्या गृहस्थांनी नुकताच एक भारी फोन घेतला होता. त्यांनी तो एका दिवसापुरता मोठ्या आनंदाने दिला. नातीने वहीत चार ओळी आखल्या. पहिली, भर दुपारी जवळून घेतलेले जास्वंदीचे फूल. दुसरी, दिवसाउजेडी घरातील मंडळी. तिसरी, तिन्हीसांजेची गल्ली. चौथी, दूरच्या झाडावरील घार. प्रत्येक चित्र दोन्ही फोनांनी काढावयाचे, असे ठरले. पण त्यापूर्वी मी जुन्या फोनचे भिंग तिला उजेडात धरून पाहावयास सांगितले. त्यावर बोटांच्या तेलकट ठशांचा थर बसला होता. मऊ सुती कापडाने तो पुसताच अर्धे धुके तेथेच नाहीसे झाले.

मग कोणते चित्र कोणत्या फोनचे, हे न सांगता आम्ही ती आजीपुढे ठेवली. फूल व मंडळी यांच्या चित्रांत आजीस काही फरक सांगता येईना. परंतु सांजेची गल्ली आणि दूरची घार ही चित्रे पाहताच तिने नव्या फोनच्या चित्रांवर बोट ठेवले. नात विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागली. तिचे खरे होते, आणि खरे ते मान्य केलेच पाहिजे.

असे का व्हावे? कॅमेरा म्हणजे प्रकाश साठवणारे एक भांडेच होय. फोनमधील प्रकाश टिपणारी पट्टी बोटाच्या नखाएवढी लहान असते. भर दुपारी उजेडाचा पाऊस पडत असतो, तेव्हा लहान भांडेही काठोकाठ भरते. म्हणून दुपारच्या चित्रांत जुने व नवे यांत भेद दिसत नाही. सांज झाली, की उजेडाची नुसती झिमझिम उरते. अशा वेळी मोठी पट्टी उपयोगी पडते. शिवाय नवे फोन एका क्षणात पुष्कळ चित्रे घेतात व ती एकावर एक जुळवून त्यांतून एक स्वच्छ चित्र तयार करतात. दूरच्या वस्तूचेही असेच आहे. दोन बोटांनी चित्र मोठे करणे म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून तो ताणणे होय. त्याने पक्षी जवळ येत नाही, केवळ ठिपका मोठा होतो. काही नव्या फोनांत दूरचे पाहण्यासाठी वेगळे भिंग बसवलेले असते. तेच ते दूरदर्शी भिंग. त्याने मात्र वस्तू खरोखरच मोठी दिसते.

"आणि आबा, या फोनात वीस कोटी बिंदू आहेत म्हणे!" नात म्हणाली.

छायाचित्र हे रंगाच्या बारीक बिंदूंचे बनलेले असते. त्यांसच पिक्सेल म्हणतात. २००० साली जपानमध्ये कॅमेरा असलेला एक फोन विक्रीस आला, त्याचे चित्र अवघ्या १ लाख १० हजार बिंदूंचे होते. २०२२ साली २० कोटी बिंदूंचे फोन बाजारात आले. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण थोडे गणित करा. ६ इंच लांब व ४ इंच रुंद असे छायाचित्र कागदावर उत्तम छापावयाचे, तर एका इंचात ३०० बिंदू पुरतात. म्हणजे १८०० गुणिले १२००, एकूण २१ लाख ६० हजार बिंदू झाले. आमच्या जुन्या फोनात १ कोटी २० लाख बिंदू होते, म्हणजे गरजेच्या पाचपटींहून अधिक! इतकेच नव्हे, तर २० कोटी बिंदूंचे पुष्कळसे फोन एरवी सोळा सोळा बिंदू एकत्र करून सव्वा कोटी बिंदूंचेच चित्र देतात. प्रारंभीच्या काळात प्रत्येक नवा फोन म्हणजे एक लांब उडी होती. आता ती उडी लहान पाऊल झाली आहे, जाहिरातीचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा मोठा आहे.

मी नातीस आणखी एक काम सांगितले. घरच्या फोनातील शेवटची शंभर चित्रे मोजावयाची, आणि त्यांत अंधारातील व फार दूरची किती, ते पाहावयाचे. ती मोजून आली व हळूच म्हणाली, "आबा, दहासुद्धा नाहीत. पण माझे रोहित त्या दहांतलेच ना?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मजपाशी नव्हते. ते आम्हांस सारसोळे गावात मिळाले. खाडीकाठच्या या गावी एक वृद्ध कोळी जाळे विणीत बसले होते. आमची अडचण ऐकून ते हसले व म्हणाले, "बाय, तू ओहोटीला गेली होतीस. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तवा पाखरं तिकडं खायला जातात. भरतीचं पाणी चढलं, की चिखल बुडतो, मग ती तळ्यावर येतात. कॅमेरा नको बदलू, वेळ बदल."

भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत त्यांनी सांगितली. तिथीच्या अंकास तिनाने गुणावे व चाराने भागावे. जे उत्तर येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. नातीने बोटांवर हिशेब केला. त्रयोदशीस तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे सकाळी पावणेदहाला भरती आणि दुपारी चारला ओहोटी. आम्ही नेमके ओहोटीलाच गेलो होतो! पुढच्या रविवारी वद्य पंचमी होती. पाच त्रिक पंधरा, भागिले चार. दुपारी पावणेचारला भरती.

त्या रविवारी आम्ही तीन वाजताच पाणथळीच्या काठावर झाडाच्या सावलीत बसलो. थोड्या वेळाने खाडीकडून पहिली गुलाबी रांग आली, मग दुसरी, मग तिसरी. पाहता पाहता तळे पक्ष्यांनी भरून गेले. त्यांस बिचकवू नये म्हणून आम्ही जागचे हललो नाही. काही रोहित आपणहून चरत चरत आमच्या बाजूस आले. कलते ऊन पाठीशी होते. नातीने दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवले, श्वास रोखला आणि जुन्याच फोनने चित्र घेतले. जाहिरातीतल्याप्रमाणे पीस न् पीस त्यात दिसत नव्हते, हे खरे. पण वाकडी चोच, गुलाबी पंख आणि पाण्यातील प्रतिबिंब ही स्पष्ट उमटली होती.

परतताना ती म्हणाली, "पण आबा, चांगल्या कामासाठी नवा कॅमेरा घेणे वाईट कसे? दादासाहेब फाळक्यांनीही घेतला होता ना?"

घेतला होता. १९१२ साली दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले व चलच्चित्रे घेणारा कॅमेरा खरेदी करून आले. कारण त्यांना हलती चित्रे घ्यावयाची होती, आणि साध्या कॅमेऱ्याने ते कार्य कोणत्याही युक्तीने होण्यासारखे नव्हते. त्यांची अडचण खरोखरच यंत्राची होती. म्हणूनच त्यांचे कर्ज सार्थकी लागले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आला. तथापि, त्या कॅमेऱ्याने त्यांनी आधी काय केले, तेही पाहा. कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर त्यांनी कॅमेरा मांडला, आणि अंकुराचे रोज थोडे थोडे चित्रण सुमारे महिनाभर चालवले. पडद्यावर ते रोप क्षणार्धात वाढताना दिसले. यंत्र विकत मिळाले. महिनाभराचा धीर मात्र त्यांचा स्वतःचा होता.

म्हणून नवा फोन कोणी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. वृत्तपत्राचा छायाचित्रकार असेल, दूरच्या पक्ष्यांचा नित्य अभ्यास करणारा असेल, तर त्यास दूरदर्शी भिंग हवेच. ज्या फोनास सुरक्षिततेच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या आहेत, तोही बदलणे शहाणपणाचे. परंतु केवळ नवा निघाला म्हणून जुना टाकू नये. एक फोन घडवण्यासाठी तांबे, सोने, कोबाल्ट अशी कितीतरी खनिजे पृथ्वीच्या पोटातून काढावी लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला, आणि त्याचा चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद नाही. जुन्या फोनची थकलेली बॅटरी बदलली, तर तो आणखी काही वर्षे सेवा करतो.

आमच्या घरचे छत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त झाले. नातीची चित्रवहीही पूर्ण झाली. तिच्यातील एका पानावर मात्र चित्र नाही. त्या दिवशी अंधार पडल्यावर सगळा थवा एकदम उठून खाडीकडे गेला होता, आणि जुन्या फोनात काळोखाखेरीज काहीच उमटले नव्हते. त्या कोऱ्या पानावर तिने लिहिले आहे, "येथे चित्र आले नाही. म्हणून मी पाहिले ते लिहिते. आधी पंखांचा आवाज आला. मग आकाश थोडा वेळ गुलाबी झाले, आणि मग पुन्हा काळे."

चित्रवही पाहणारे पुष्कळ लोक त्याच पानाशी अधिक वेळ थांबतात.

अभ्यास

१. नातीची पहिली छायाचित्रे कोणत्या कारणांमुळे बिघडली? त्यांपैकी कोणती कारणे यंत्राची होती व कोणती नव्हती?

२. भर दुपारच्या चित्रांत जुन्या व नव्या फोनचा फरक का दिसला नाही, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. आज कोणती तिथी आहे, ते दिनदर्शिकेत पाहा आणि पाठात सांगितलेल्या रीतीने भरतीची वेळ काढा.

४. 'यंत्र विकत मिळाले. महिनाभराचा धीर मात्र त्यांचा स्वतःचा होता,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. तुम्हांला हवी असलेली एखादी नवी वस्तू आठवा. तिच्यावाचून तुमचे कोणते काम खरोखर अडले आहे, याविषयी दहा ओळी लिहा.