जुन्या पिकअप गाडीचा हॉर्न : दोषांचे निदान व बदल

धानाची चुरणी आटोपली की आंबागड परिसरातून तुमसरच्या बाजारपेठेकडे धान नेणाऱ्या पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. हा भाग सातपुड्याच्या पायथ्याचा, जंगलालगतचा व वळणांचा आहे. रस्त्यावर बैलबंड्या, सायकली व चरून परतणारी जनावरे असतात, तर कडेला कोणी धान वाळत घातलेला असतो. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेसाठी पायी जाणाऱ्यांची गर्दी असते. अशा रस्त्यावर भरलेली गाडी चटकन थांबत नाही. त्यामुळे वेळेवर वाजणारा हॉर्न हा ब्रेकइतकाच आवश्यक आहे.

हॉर्न बंद पडला की अनेकजण प्रथम नवा हॉर्न विकत आणतात. तो बसविल्यावरही गाडी मुकीच राहते, कारण जुन्या गाडीत दोष पुष्कळदा हॉर्नमध्ये नसून गंजलेल्या अर्थिंगमध्ये, फ्यूजमध्ये, रिलेमध्ये किंवा बटनात असतो. म्हणून आधी निदान व मग खरेदी, हा क्रम ठेवावा. पुढील तपासणी १२ व्होल्टच्या जुन्या पिकअप गाड्यांना लागू आहे.

हॉर्न कसा वाजतो?

बटन दाबताच रिलेच्या वेटोळ्यातून थोडा प्रवाह जातो. रिलेचे संपर्क जुळतात आणि बॅटरीचा मोठा प्रवाह फ्यूजमार्गे हॉर्नला मिळतो. हॉर्नमधील विद्युतचुंबक पातळ पोलादी पडदा ओढतो. पडदा ओढला जाताच आतील संपर्क तुटतो, चुंबकत्व जाते व पडदा मागे येतो. ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा होऊन आवाज निर्माण होतो. साधा डिस्क हॉर्न साधारणतः ३ ते ५ अँपिअर प्रवाह घेतो. हा प्रवाह अर्थिंगमधून बॅटरीकडे परत गेला नाही, तर उत्तम हॉर्नही वाजणार नाही.

लागणारे साहित्य

१२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब व त्याला जोडलेल्या दोन लांब तारा (टेस्ट लॅम्प), १० अँपिअरचा फ्यूज जोडलेली दोन मीटर तार, पाने, पेचकस, काचपेपर, चिकटपट्टी व थोडे ग्रीस एवढे पुरे. टेस्ट लॅम्प वापरण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून तो पेटतो याची खात्री करावी.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून व इंजिन बंद करून उभी करावी. काही गाड्यांत चावी फिरविल्याशिवाय हॉर्न वाजत नाही, म्हणून तपासताना चावी चालू ठेवावी. स्टिअरिंगवरील बटन खोलायचे असल्यास प्रथम बॅटरीची ऋण (-) तार काढावी. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असल्यास ते घरी मुळीच उघडू नये.

तपासणीचा क्रम

१) बॅटरी : टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असल्यास गरम पाण्याने धुऊन, काचपेपरने घासून घट्ट आवळावे. हेडलाइट मंद लागत असतील तर दोष बॅटरीकडे आहे.

२) फ्यूज : फ्यूज पेटीच्या झाकणावरील खुणेवरून हॉर्नचा फ्यूज काढून पाहावा. जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. पुन्हा जळाल्यास तार कोठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे असे समजावे. धानाच्या पुंजण्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

३) हॉर्नपर्यंतचा प्रवाह : हॉर्नची जोडणी काढावी. टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी हॉर्नकडे आलेल्या धन तारेला लावून सोबत्याला बटन दाबावयास सांगावे. दिवा पेटल्यास प्रवाह येतो आहे. क्रमांक ४ पाहावा. न पेटल्यास क्रमांक ६ कडे वळावे. बटन न दाबताही दिवा पेटत असेल, तर त्या गाडीत हॉर्नला धन प्रवाह कायम असतो व बटन अर्थिंग जोडते असे समजावे. अशा गाडीत बटन व त्याची तारच तपासावी.

४) अर्थिंग : दिव्याची बॅटरीकडील तार काढून हॉर्नच्या अर्थिंग तारेला, किंवा एकच तार असलेल्या हॉर्नच्या पट्टीला लावावी व बटन दाबावे. आता दिवा मंद झाला किंवा विझला तर अर्थिंग खराब आहे. पट्टीचा बोल्ट काढून गंज व रंग खरवडावा, चकाकता धातू दिसल्यावर बोल्ट आवळून वरून ग्रीस लावावे. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल समोरच्या जाळीमागे उडत असल्याने हा दोष पावसाळ्यानंतर हमखास आढळतो.

५) हॉर्न : अर्थिंगही चांगले असल्यास हॉर्नचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला जोडावे. फ्यूज जोडलेली तार आधी बॅटरीच्या धन टोकाला पक्की करून तिचे दुसरे टोक क्षणभर हॉर्नला लावावे. असे केल्याने ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. या परीक्षेतही हॉर्न मुका राहिला तरच नवा घ्यावा.

६) रिले : बटन दाबल्यावर रिलेचा ‘टिक’ आवाज येतो का ते ऐकावे. गाडीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असल्यास अदलाबदल करून पाहावी. तसा नसल्यास रिले काढून ३० व ८७ क्रमांकांची घरे फ्यूज जोडलेल्या तारेने क्षणभर जोडावीत. हॉर्न वाजल्यास पुढची तार चांगली आहे; दोष रिले किंवा बटनात आहे.

७) बटन : रिले जागेवर बसवून, बटनाकडून येणारी तार स्टिअरिंगखालील जोडणीपाशी शोधावी. टेस्ट लॅम्पची एक तार बॉडीच्या उघड्या धातूला व दुसरी या तारेला लावताच हॉर्न वाजला, तर बटनाचे संपर्क किंवा स्टिअरिंगमधील फिरती कडी झिजली आहे. संपर्क काचपेपरने साफ करावेत. कडी झिजली असल्यास बदलावी.

लक्षणावरून निदान

- अजिबात आवाज नाही : फ्यूज, रिले, बटन किंवा अर्थिंग.
- रिले टिकटिकतो पण हॉर्न वाजत नाही : रिलेचे जळालेले संपर्क, तुटलेली तार, अर्थिंग किंवा हॉर्न.
- आवाज बसका किंवा घोगरा : उतरलेली बॅटरी, खराब अर्थिंग, हॉर्नमधील पाणी किंवा बिघडलेली मांडणी.
- स्टिअरिंग वळविल्यावरच वाजतो किंवा बंद होतो : झिजलेली फिरती कडी.
- सतत वाजत राहतो : अडकलेले बटन, चिकटलेला रिले किंवा बॉडीला टेकलेली बटनाची तार. ताबडतोब फ्यूज काढावा.

घोगऱ्या हॉर्नच्या मागील स्क्रूची मूळ स्थिती रंगाने खूण करून ठेवावी व तो एका वेळी थोडाच फिरवून आवाज पाहावा.

नवा हॉर्न बसविणे

नवा हॉर्न १२ व्होल्टचा व जुन्याइतक्याच अँपिअरचा घ्यावा. बॅटरीची ऋण तार काढून जुना हॉर्न सोडवावा. नव्या हॉर्नचे तोंड खाली किंवा तिरपे ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही. सोबतची लवचिक पोलादी पट्टी वगळू नये. हॉर्न थेट बॉडीवर आवळल्यास आवाज दबतो. हॉर्नची तबकडी जाळीला किंवा रेडिएटरला टेकू देऊ नये. दोन मोठे हॉर्न लावायचे असल्यास रिले आवश्यक आहे. रिलेविना बटनाचे संपर्क लवकर जळतात.

हे टाळावे

फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालू नये. सोललेली तार तापते आणि तणीस भरलेल्या गाडीत आग लागण्यास तेवढे पुरते. कर्कश किंवा अनेक सुरांचे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार बसविता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजविल्यास पहिल्या वेळी १,००० रुपये व पुढील प्रत्येक वेळी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

निगा

पावसाळा संपताच हॉर्नची पट्टी, अर्थिंग व जोडण्या वर्षातून एकदा साफ कराव्यात. गाडी धुताना पाण्याची धार थेट हॉर्नवर मारू नये. धानाची पहिली खेप भरण्यापूर्वी बटन दाबून पाहण्याची सवय ठेवावी. दोष घरी उभ्या गाडीत सापडला तर तासाभराचे काम असते. वळणावर, समोर बैलबंडी आल्यावर सापडला तर वेळ हाती राहत नाही.