आधाराच्या चाकांची परीक्षा

आदिलाबादच्या कापूस बाजारामागील गल्लीत माझ्या मामांचे मोटारसायकल दुरुस्तीचे छोटेसे गॅरेज आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलताना मामा मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात वापरतात. सुट्टीत मी तेथे पाने उचलून देत असे. कन्नड विभागातील माझ्या एका मित्राने विचारले, "तुमच्याकडे गाड्या बदलून देतात म्हणे, त्या तपासता कशा?" त्याला दिलेले उत्तर जरा लांबले, म्हणून येथे लिहीत आहे. त्यात आमची एक चूकही आहे.

बदललेली मोटारसायकल म्हटली की लांब फोर्क आणि रुंद टायर डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे अधिक येतात त्या पायाने अधू असलेल्या माणसांच्या गाड्या. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला, पण ज्यांना तो लहानपणी होऊन गेला ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांना रोज कामावर जावयाचे असते. बेल्याकडचे असेच एक गृहस्थ जिनिंगमध्ये हिशेब लिहीत. त्यांचा उजवा पाय अधू. स्कूटरची लहान चाके काळ्या मातीच्या रस्त्यावर रुततात, म्हणून त्यांना मोटारसायकलच हवी होती.

मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. तो आम्ही डाव्या हँडलवर क्लचखाली दुसरा लिव्हर लावून तारेने ओढला. किक मारणे शक्य नव्हते, तेव्हा गाडी सेल्फ-स्टार्टचीच घेतली. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक आधाराचे चाक बसविले. मामांनी वेल्डिंग केले, रंग दिला, मी गाडी सरळ रस्त्यावर दोन वेळा नेऊन आणली आणि दसऱ्याआधी ती त्यांच्या हवाली केली.

आठव्या दिवशी एका वळणावर गाडी उलटली. चांगला पाय खाली आला व त्यांना तीन आठवडे प्लास्टरमध्ये काढावे लागले. वेग विचारला तर म्हणाले, "असेल पंचवीस." मामा रात्री जेवले नाहीत. मला एवढेच म्हणाले, "अरे, तू कॉलेजात काय शिकतोस रे? चार चाकांची गाडी पडतेच कशी?"

प्रश्न बरोबर होता. दोन चाकांची गाडी वळताना आत कलते आणि त्या कलण्यानेच बाहेर फेकणाऱ्या जोराला तोंड देते. आधाराची चाके तिला कलू देत नाहीत. मग ती बैलगाडीप्रमाणे नुसती वळते आणि सगळा भार बाहेरच्या चाकावर जातो. शिवाय पुढे एकच चाक असल्यामुळे जमिनीवरचा आधार त्रिकोणी होतो. पुढच्या चाकापासून बाहेरच्या आधारचाकापर्यंत रेघ ओढा. गाडी उलटते ती या रेघेवरून. मागे रुंदी कितीही दिसो, माणूस बसतो तेथे ती बरीच निमुळती झालेली असते.

हे मोजण्यासाठी आम्ही गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढचे चाक काट्यावर, मग मागची. बसणाऱ्यासह एकूण २०० किलो, त्यांपैकी मागे ११६. म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून लांबीच्या ५८ टक्क्यांवर. मधल्या चाकापासून आधारचाक ४५ सेंटिमीटर दूर होते. त्याचे ५८ टक्के म्हणजे २६ सेंटिमीटर, ही खरी उपयोगाची रुंदी. गुरुत्वमध्याची उंची आम्ही ६५ सेंटिमीटर धरली. २६ ला ६५ ने भागले की ०.४ येतात. याला ९.८ ने आणि वळणाच्या १० मीटर त्रिज्येने गुणले की वेगाचा वर्ग ३९.२ मिळतो. वेग सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर! गृहस्थ पंचविसाने गेले होते. त्यात वळणावर ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, जेथे त्रिकोण आणखी अरुंद आहे. त्यांनी ब्रेकही दाबला होता.

वहीची दोन पाने भरणारे हे गणित मी गाडी देण्याआधी का केले नाही, याला माझ्याजवळ उत्तर नाही.

दुसऱ्या वेळी चाके ६० सेंटिमीटरवर नेली. मर्यादा ताशी २६ वर गेली, फार नव्हे. पण हात लांबला की त्याच्या मुळाशी येणारा पीळही वाढतो, म्हणून जाड नळी घेतली आणि सांगाड्यावर वेल्डिंग न करता शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या मूळच्या बोल्टांना पट्ट्या जोडल्या. आधारचाकांना स्प्रिंग दिली. ती ताठ असती तर खड्ड्यावर मधले चाक अधांतरी राहून मागचा ब्रेक निकामी झाला असता.

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. रस्त्यावर चुन्याची रेघ मारायची, ताशी ३० ने येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा आणि पावलांनी नव्हे, टेपने अंतर मोजायचे. पहिल्यांदा ११ मीटर लागले. हाताचा जोर पायाइतका नसतो. ड्रमवरचा दांडा लांब केल्यावर ८ मीटर झाले. मग शेतात खुणा रोवून १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात १० पासून १८ पर्यंत वेग वाढवीत फेऱ्या. हेल्मेट घालून मीच बसलो. मामांनी दुसऱ्या कोणाला बसू दिले नाही.

वेल्डिंगसाठी जुनी युक्ती आहे. सांध्यावर रॉकेल लावून थोड्या वेळाने पुसायचे व वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. तीन डब्यांचा तांबड्या रंगाचा संचही बाजारात मिळतो, तो अधिक भरवशाचा. मात्र रंग देण्याआधी हे करावयाचे; रंग चीर झाकतो.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावले. अपंगांसाठी बदललेल्या वाहनाला कायद्यात जागा आहे, पण नोंदणी कार्यालयाची मंजुरी घेऊन. पहिल्या गाडीच्या वेळी आम्ही तेथे गेलोच नव्हतो. दुसऱ्या वेळी कागद आधी आणि वेल्डिंग नंतर.

गृहस्थ गाडी न्यावयास आले तेव्हा मामांनी त्यांना मैदानात तासभर शिकविले, कारण शरीर आत झुकवून वळण्याची सवय येथे पुरत नाही. हँडल स्वतः फिरवावे लागते. वेगदर्शकावर विसाच्या आकड्याला तांबडी पट्टी चिकटविली. सहा महिन्यांनी तपासणीत डाव्या हाताच्या मुळाशी खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. कापसाची आवक जोरात होती आणि त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे होते. मामांनी किल्ली खिशात घातली आणि शेअर ऑटोचे तीन दिवसांचे भाडे त्यांच्या हातावर ठेवले.