लाल गाजराचे बी घरचे ठेवा

हिमायतनगरात मोकळी परसबाग आता फार थोड्या घरांकडे उरली आहे. बंगले गेले, अपार्टमेंट आली, आणि बाग गच्चीवर किंवा कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात जाऊन बसली. तरी गाजर लावण्याची हौस वाढते आहे, आणि तिच्याबरोबर ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी पारंपरिक वाणांच्या पाकिटांचा सोसही. नांतेस, शांतने, डॅनव्हर्स अशी नावे, रंगीत चित्रे, आणि हे बी पिढ्यान्‌पिढ्या जपता येते असा भरवसा. या भरवशापासून सावध राहा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. बी खोटे नसते, गाजरेही बऱ्यापैकी येतात, पण हैदराबादच्या हवेत त्या वाणाचे पुढचे बी धरत नाही. पारंपरिक वाण म्हणून इथे खरोखर जपता येते ते आपले देशी गाजर, त्यातही लाल. ते जपायचे तर गाजरे टिकवण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष बियाणे टिकवण्याकडे द्यायला हवे.

याचे कारण गाजराच्या स्वभावात आहे. गाजर मुळात दोन वर्षांचे पीक. पहिल्या हंगामात ते मुळात अन्न साठवते आणि दुसऱ्या हंगामात त्या साठ्यावर फुलते. युरोपात घडलेल्या नारिंगी वाणांना या दोन हंगामांच्या मध्ये कडक थंडी लागते. साधारण ५ ते १० अंश सेल्सिअसमध्ये सहा ते आठ आठवडे काढल्याशिवाय त्यांना फुलाचा दांडा येत नाही. हैदराबादेत जानेवारीतले सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असते. एखादी लाट आली तर चार-दोन रात्री पारा खाली जातो, पण सलग दीड महिना थंडी इथे पडत नाही. म्हणूनच या वाणांचे बियाणे आपल्याकडे कुलू खोऱ्यातल्या कटराईनसारख्या थंड ठिकाणी तयार करावे लागते. मध्य आशियातून पूर्वेकडे पसरलेल्या लाल, काळ्या गाजरांना ही अट नाही. ती मैदानी प्रदेशातल्या सौम्य हिवाळ्यातही फुलतात आणि उन्हाळा चढायच्या आत बी देतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो. थंडी नाही तर फ्रिज आहे. नांतेसची निवडक गाजरे दोन महिने फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा लावली तर? दांडा येतो, हे खरे. पण हिशेब मांडून पाहा. सप्टेंबरअखेर पेरलेले गाजर डिसेंबरअखेर निघते. ते दोन महिने थंडीत ठेवले की लावणीला मार्च उजाडतो, आणि फुले येतात ती एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीला टेकलेला असताना. त्या उन्हात परागकण वाळतात, फुलांच्या छत्र्या उमलतात आणि बहुतांशी पोकळ राहतात. प्रयोग म्हणून कोणी जरूर करावा; वाणाचे भवितव्य त्यावर सोडू नये. चवीसाठी नांतेस लावायचे असेल तर दरवर्षी विकतचे बी आणून लावावे. त्याचा गाभा बारीक असतो, साल गुळगुळीत असते, आणि ते जास्त टिकते. हे गुण मला मान्य आहेत. फक्त त्याला वाण जपणे म्हणता येणार नाही.

उष्ण मुलखात घरचे बी राखून वाण कसा घडतो, याचे उत्तम उदाहरण सौराष्ट्रात आहे. जुनागढचे शेतकरी वल्लभभाई मारवणिया यांनी १९४३ च्या सुमारास जनावरांच्या चाऱ्यासाठी लावल्या जाणाऱ्या स्थानिक गाजराची गोडी हेरली आणि ते बाजारात विकायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे चांगली रोपे निवडून राखलेले ते बियाणे पुढे ‘मधुवन गाजर’ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि २०१९ मध्ये मारवणिया यांना पद्मश्री मिळाली. सौराष्ट्र काही थंड मुलूख नव्हे. तिथे बर्फ नव्हता, तळघर नव्हते. होती ती निवड आणि चिकाटी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २००८ मध्ये दिलेला ‘पुसा रुधिरा’ हा लाल वाणही संकरित नाही, त्यामुळे त्याचे बी घरी धरता येते. कुठून सुरुवात करावी असा प्रश्न पडला असेल तर यापासून करायला हरकत नाही. संकरित बियाण्याचे मात्र घरी बी धरू नये. पुढच्या पिढीत गाजरे एकसारखी येत नाहीत.

लावणीबद्दल थोडक्यात. तेलंगणातले शेतकरी जिला चल्का म्हणतात ती लाल, रेताड माती गाजराला मानवते. पण शहरातल्या प्लॉटवर तिच्यात बांधकामाचा राडारोडा आणि खडी मिसळलेली असते. खड्याला टोक लागले की मूळ फाटते, आणि ताजे शेण घातले तरी दोन-तीन फाटे फुटतात. फूटभर खोल माती चाळून घ्या आणि खत पुरते कुजलेलेच घाला. पेरणीची घाई करू नका. १३ ऑक्टोबर २०२० चा शहरात पूर आणणारा पाऊस हैदराबादकर विसरलेले नाहीत. परतीचा पाऊस गेल्याशिवाय बी टाकू नये, आणि वाफा उंचच असावा. बी बारीक असते आणि उगवायला दहा-पंधरा दिवस घेते. तोवर वाफ्यावर ओले गोणपाट ठेवा, कोंब दिसताच काढा. विरळणी टाळू नका.

साठवणीच्या बाबतीत परदेशी पुस्तकांनी आपल्या लोकांची सर्वात जास्त दिशाभूल केली आहे. वाळूच्या खोक्यात गाजरे पुरून ठेवा, किंवा जमिनीतच राहू द्या आणि लागेल तशी काढा, हे सल्ले जिथे तळघर शून्य ते चार अंशांवर असते तिथले आहेत. गाजर शून्य अंशाला आणि ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत महिनोन्‌महिने टिकते. हिमायतनगरच्या स्वयंपाकघरात जानेवारीतही दुपारचे तापमान पंचविशीच्या पुढे असते. तिथे वाळूतले गाजर आधी मऊ पडते, मग त्याला पाला फुटतो, नाहीतर ते कुजते. जमिनीत ठेवलेले देशी गाजर तर त्याहून लवकर वाया जाते, कारण ज्या गुणामुळे ते इथे फुलते त्याच गुणामुळे ते फार थांबत नाही. दांडा सुटला की गाभा लाकडासारखा होतो. म्हणून ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरावे, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत ताजे गाजर मिळत राहते. काढल्यावर पाला लगेच छाटा, कारण तो मुळातले पाणी ओढून घेतो. गाजरे ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सफरचंदे आणि केळी यांच्यापासून लांब. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने गाजर कडू होते. उरलेल्याचे लोणचे घाला किंवा हलवा करा.

आता बियाणे, आणि इथेच बहुतेकांचा वाण बिघडतो. वाफ्यात एखादे रोप सगळ्यांच्या आधी फुलते. ते आपोआप बी देते, कष्ट काही नाहीत, म्हणून लोक तेच बी ठेवतात. असे दोन-चार हंगाम केले की सगळा वाफाच लवकर फुलायला लागतो आणि मुळे शेपटीएवढी राहतात. लवकर फुलणारे रोप दिसताक्षणी उपटून टाकावे. बी धरायचे ते पूर्ण वाढलेली सगळी गाजरे काढून, समोर मांडून, त्यांतून निवडलेल्यांचे. सरळ, न फाटलेली, गडद लाल गाजरे बाजूला काढा. प्रत्येकाचा खालचा तिसरा हिस्सा कापा आणि कापलेला भाग नीट पाहा. बाहेरचा लाल आणि आतला गाभा यांत फारसा फरक नसेल, गाभा बारीक असेल, तर ते ठेवण्याजोगे. मधोमध जाड पिवळट चकती दिसली तर ते कोशिंबिरीत जाऊ द्या. कापलेला तुकडा चाखूनही पाहा. कडवट गाजराचे बी कशाला वाढवायचे? निवडलेल्या शेंड्यांवर बोटभर देठ ठेवून ते जानेवारीतच पुन्हा लावा. बी पिकले की छत्री आतल्या बाजूला मिटून घरट्यासारखी होते आणि तपकिरी पडते. ती कापून सावलीत वाळवा, तळहातावर चोळून बारीक काटे काढा, आणि कोरड्या बरणीत, वर्ष लिहून, फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन वर्षे ते चांगले उगवते.

शेवटचा आक्षेप सर्वात वजनदार आहे. गाजराचे परागीभवन कीटक करतात. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ८०० मीटर अंतर सांगितले आहे, आणि हिमायतनगरातली मधमाशी नारायणगुड्यापर्यंत सहज जाते. शिवाय चार-पाच रोपांवरच बी धरत राहिले तर काही पिढ्यांत वाण खुरटतो. निदान पन्नासेक रोपे फुलायला हवीत, आणि एवढी जागा एका गच्चीवर नसते. हे दोन्ही मुद्दे मला पूर्ण पटतात, आणि म्हणूनच हे काम एकट्याने करायचे नाही. एका गल्लीतल्या सात-आठ घरांनी एकच लाल वाण लावावा, प्रत्येकाने आपली सहा-सात उत्तम गाजरे फुलायला ठेवावीत, आणि उन्हाळ्यात सगळ्यांचे बी एकत्र करून वाटून घ्यावे. त्या वर्षी कोणीही काळे किंवा दुसरे लाल गाजर फुलू देऊ नये. यंदा पावसाळा संपायच्या आत शेजाऱ्यांशी बोलून घ्या, आणि बी एकाच ठिकाणाहून आणा.