पेल्यात साखर उतरते, गुलाब उतरत नाही

प्रश्न : पुण्याला एका नातलगाच्या पार्टीत गुलाबाचं कॉकटेल प्यायलो, फार आवडलं. भालकीला परतल्यावर गुलाब सरबताची बाटली आणली, जिनमध्ये घातली, वर सोडा ओतला. रंग हुबेहूब आला, पण चव खोकल्याच्या औषधाची! कुठं चुकलं? आपल्याकडच्या गुलाबांचं सरबत घरी करता येईल का? आमच्याकडे न पिणारी मंडळीच जास्त, त्यांना काय द्यावं? आणि घरात आजोबांच्या वेळची बिदरी सुरई आहे, तिच्यातून वाढलं तर शोभेल ना?
– एक वाचक, भालकी (जि. बिदर)

उत्तर : शोभेल, पण चालणार नाही. सुरईचं शेवटी सांगतो. आधी औषधाचं बघू.

बाजारातलं सरबत म्हणजे मुख्यतः साखर. सरबत टिकायचं तर त्यात वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास साखर लागते. त्यामुळे तुम्ही पेल्यात तीस मिली सरबत ओतलं असेल, तर त्याबरोबर सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच चहाचे चमचे साखर गेली. वास मात्र त्यात नावापुरता. तो कमी वाटला की आपण आणखी थोडं सरबत ओततो, गोडी वाढते, वास तरीही येत नाही आणि शेवटी औषध तयार होतं. पार्टीतल्या बारवाल्याकडे कुठलं गुपित नव्हतं. त्यानं गोडी एका बाटलीतून घेतली असणार आणि वास दुसऱ्या बाटलीतून. सगळी मेख एवढीच आहे.

ती दुसरी बाटली गुलाबजलाची. गुलाबाच्या वासात शेकडो द्रव्यं असतात. त्यातली सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल यांसारखी द्रव्यं बरीचशी तेलात जातात. फिनाइल इथेनॉल नावाचं द्रव्य मात्र पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतं. पाकळ्यांचा अर्क काढताना ते तेलाकडे फारसं न जाता पाण्यात राहतं, म्हणून चांगल्या गुलाबजलाला ताज्या पाकळीच्या जवळचा वास येतो. तेलाचं गणित तर डोळे पांढरे करणारं आहे : एक किलो गुलाबतेलासाठी साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. तेव्हा स्वस्त सरबतात खरा गुलाब कितीसा असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. लेबलावरचं बारीक अक्षर वाचलंत तर बहुतेकदा कृत्रिम स्वाद आणि १२२ क्रमांकाचा रंग सापडेल. हा रंग म्हणजे कार्मोइसिन. ते विष नव्हे, पण तो गुलाबही नव्हे.

दोन बाटल्यांची ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात हेन्री रामोस नावाच्या बारवाल्यानं १८८८ मध्ये एक जिन फिझ लोकप्रिय केलं. त्यात लिंबाचा रस, साय, अंड्याचा पांढरा भाग असं बरंच काही असतं, पण लक्षात राहतो तो संत्र्याच्या फुलाचा वास. ते फुलाचं पाणी पडतं मात्र थेंबांनी. गोडी साखरेकडून येते आणि फूल फक्त वासापुरतं. आपण नेमकं उलटं करतो, फुलालाच गोडीच्या कामाला जुंपतो.

आता प्रमाण. एका पेल्याला ४५ मिली जिन, २० मिली लिंबाचा रस आणि १५ मिली सरबत, म्हणजे एक मोठा चमचा, त्याहून अधिक नको. इंडीकडची रसाळ लिंबं मिळाली तर उत्तम, एक-दीड लिंबात काम भागतं. चिमूटभरही नको, दोन कण मीठ घाला. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरपूर बर्फ घालून हे सगळं दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा, पेल्यात गाळा आणि वर ६० मिली थंड सोडा सोडा. मग पाव चमचा गुलाबजल सर्वांत शेवटी, वरून, न ढवळता. आधी घातलंत तर हलवताना त्याचा वास दबून जातो.

गुलाबजल शेवटी घालण्याचं कारण समजून घेतलंत तर पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल. फुलांची वासाची द्रव्यं पाण्यापेक्षा दारूत जास्त रमतात. आपल्याकडे जिन किंवा व्होडका बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. इतक्या तीव्र दारूत वास द्रवातच अडकून राहतो, नाकापर्यंत येत नाही. सोड्यानं ती पातळ झाली की वास सुटतो आणि बुडबुडे त्याला वर आणतात. बर्फ मात्र उलटं काम करतो, गारव्यात वास उडत नाही. त्यामुळे थंडगार पेल्यात गुलाब जाणवायचा असेल, तर तो द्रवाच्या पोटात नको, पृष्ठभागावर हवा.

दारू कुठली? माझं मत स्पष्ट आहे : जिन. व्होडकाला स्वतःचं काही म्हणणं नसतं, म्हणून गोडी उघडी पडते. व्हिस्कीतला लाकडाचा वास गुलाबाला खाऊन टाकतो. जिनमध्ये जुनिपर असतो हे सगळे सांगतात, पण त्यातला दुसरा महत्त्वाचा मसाला म्हणजे आपले धने. धन्याच्या तेलात सर्वांत मोठा वाटा लिनालूलचा आणि हे लिनालूल कितीतरी फुलांत असतं. धने आणि गुलाब यांचं जमतं ते त्यामुळे. घरी व्होडकाच असेल तर चमचाभर धने जाडसर ठेचून अर्धा तास त्यात भिजवा आणि गाळून घ्या. जिन होणार नाही, पण तिची मावसबहीण तरी होईल.

रूह अफ़ज़ाचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. बिदर-कलबुर्गीत रमजानमध्ये ती बाटली घरोघरी असते. दिल्लीत हमदर्दच्या दवाखान्यातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेलं हे सरबत. रंगामुळे आपण त्याला गुलाबाचं समजतो, पण त्यात केवडा आहे, फळं आहेत, वनस्पतींचे अर्क आहेत. दुधात ते राजा, जिनमध्ये मात्र केवडाच बोलत राहतो. केवडा आवडत असेल तर खुशाल वापरा, गुलाबाची अपेक्षा ठेवू नका.

आता घरचं सरबत. इथे फूल कुठलं यावर सगळं अवलंबून आहे. बुके करतात तो लांब दांड्याचा डच गुलाब टाळा. त्याला वास जवळजवळ नसतो आणि त्यावर फवारलेली औषधं पोटात जायच्या लायकीची नसतात. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज़ दर्ग्याच्या परिसरात आणि इतर फूलबाजारांत चादरीसाठी, हारांसाठी गुलाबाच्या पाकळ्या विकत मिळतात. वास घेऊन बघाल तर मोह होईल, पण ती फुलं वाहण्यासाठी आणलेली असतात, खाण्यासाठी नव्हे. परसातला किंवा ओळखीच्या शेतातला गावठी गुलाब शोधा. गुलकंदवाले ज्याला एडवर्ड म्हणतात तो मिळाला तर फारच छान. फुलं सकाळी, ऊन चढायच्या आत तोडा. आपल्याकडे मार्चनंतर ऊन असं असतं की दहा वाजेपर्यंत निम्मा वास हवेत गेलेला असतो.

पाकळीच्या बुडाशी पांढरट भाग असतो, तो कडवट लागतो, कात्रीनं काढून टाका. मग पाकळ्या उकळू नका. उकळताना जो वास घरभर दरवळतो, तो सरबतातून गेलेला असतो. शंभर ग्रॅम पाकळ्या घ्या, पाव किलो साखरेबरोबर हातानं चुरा आणि काचेच्या बरणीत रात्रभर झाकून ठेवा. गुलकंद घालणाऱ्या आज्यांना हे सांगायला नको, साखरच पाकळीतला रस ओढून घेते. सकाळी त्यावर अर्धा लिटर गरम पाणी ओता. उकळतं नको, हाताला चटका बसेल इतपत गरम पुरे. झाकून दोन तास ठेवा आणि फडक्यातून पिळून गाळा. आता त्यात पाऊण किलो साखर विरघळवा. एकूण साखर पाण्याच्या दुप्पट झाली, एवढ्या प्रमाणात सरबत फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहतं.

या टप्प्याला तुमचा विरस होईल, कारण रंग मळकट जांभळा दिसतो. घाबरू नका, दोन चमचे लिंबाचा रस घाला. गुलाबाचा रंग देणारं अँथोसायनिन आंबटात लाल होतं. डोळ्यांसमोर मळकट सरबत गुलाबी होताना बघणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मजेचा भाग आहे, मुलांना हाक मारून दाखवा.

मोगऱ्याचं तंत्र वेगळं. तोडल्यावर गुलाबाचा वास ओसरत जातो, मोगऱ्याची कळी मात्र तोडल्यावरही रात्रभर वास तयार करत राहते. माठात मोगरा टाकायची आपली जुनी पद्धत त्यामुळेच फळते. गार झालेल्या साध्या पाकात संध्याकाळी बिनफवारणीच्या कळ्या सोडा, सकाळी काढून टाका. पण फुलं पेल्यात घालायचा नाद लागला म्हणून अंगणातलं दिसेल ते फूल टाकू नका. कण्हेर आणि धोतरा ही दोन्ही फुलं आपल्याकडे देवाला चालतात, माणसाच्या पोटाला नाही.

फुलांची दारू हा प्रकार आपल्या भागाला परका आहे असं समजू नका. निजामाच्या हैदराबाद संस्थानात देशी दारू मोहाच्या फुलांपासून गाळली जात असे. मोहाच्या सुकलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळे तिथे फूल वासाला नसतं, फूल हाच कच्चा माल असतो. पुढे १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्हा फुटला. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. दारूचे कायदेही तसेच वाटले गेले. कर्नाटकानं २००७ मध्ये सरकारी देशी दारू, म्हणजे सारायी, बंद केली. महाराष्ट्रात अजून पिण्यासाठी परवाना लागतो, तिथला मूळ कायदा १९४९ चा दारूबंदीचा आहे. म्हणून एक सूचना : विकत घेतलेल्या जिनमध्ये सरबत मिसळणं वेगळं आणि घरी फुलं आंबवून गाळणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला विनापरवाना दारू पाडणं म्हणतात आणि तो गुन्हा आहे. उदगीरच्या पाहुण्यालाही येताना तिकडून बाटली आणायला सांगू नका. दोन्हीकडची अबकारी खाती वेगळी आहेत.

न पिणाऱ्यांसाठी वेगळा, गरीब बिचारा पेला करू नका. बसवण्णांच्या या भूमीत न पिणारा पाहुणा म्हणजे अपवाद नव्हे, पंक्तीचा यजमानच तो असतो. त्याला नुसतं सरबत-सोडा दिलंत तर पुन्हा पाच चमचे साखर. जिनची जागा धन्याच्या पाण्याला द्या. दोन चमचे धने भाजू नका, नुसते ठेचा, कपभर गरम पाण्यात वीस मिनिटं झाका, गाळून गार करा. त्यातलं ६० मिली, लिंबू २० मिली, सरबत १५ मिली, मीठ आणि सोड्याऐवजी टॉनिक वॉटर. टॉनिकमधलं क्विनाइन कडवट असतं आणि दारूच्या अभावी पेल्याला जी धार कमी पडते ती या कडूपणानं येते. टॉनिक गोड असतं, तेव्हा सरबत दहा मिलीवर आणलंत तरी चालेल. हॉटेलात वर पांढरा फेस दिसला असेल तर तो बहुधा अंड्याचा. तुमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नसेल तर काबुली चणे बिनमिठाचे शिजवा आणि त्यांचं घट्टसर गार पाणी दोन चमचे बरणीत घालून हलवा, तसाच फेस येतो. बिदर-कलबुर्गीत हरभऱ्याला तोटा नाही, पण साध्या डाळीचा पुरणाचा कट इथे नको, त्यानं पेला गढूळ होतो.

गुलाबजल घेताना ते खाण्याचं आहे ना, बाटलीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आहे ना, हे बघा. औषधांच्या दुकानातलं चेहऱ्याला लावायचं गुलाबजल वेगळं.

राहिली सुरई. बिदरी काम जस्त आणि तांबं यांच्या मिश्रधातूवर होतं आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक जस्त असतं. चांदीची नक्षी त्यात ठोकून बसवतात आणि बिदर किल्ल्यातली माती व नवसागर लावून भांडं काळं करतात. जस्ताची आंबटाशी लगेच क्रिया होते. लिंबू घातलेलं पेय जस्ताच्या भांड्यात थोडा वेळ राहिलं तरी जस्त त्यात उतरतं आणि पिणाऱ्याला मळमळ, उलट्या होऊ शकतात. शिवाय लिंबानं तो काळा रंगही उडेल आणि आजोबांची सुरई डागाळेल. तिला फळीवरच राहू द्या. पेल्यांसाठी साधी काच घ्या.

जुनं काही वापरायचीच हौस असेल तर तिला वाव आहे. बिदरच्या कारागिरांनी हुक्क्यांबरोबर गुलाबपाश, म्हणजे गुलाबदाण्याही पुष्कळ केल्या, पण त्याही जस्ताच्याच. घरात लग्नकार्यातली चांदीची गुलाबदाणी असेलच. तिच्यात खाण्याचं गुलाबजल भरा आणि पेला हातात देण्याआधी वरून एकदा शिंपडा, पाव चमच्याऐवजी तेवढं पुरतं. गुलाबदाणी पॉलिशच्या पावडरीनं घासून ठेवलेली असेल तर मात्र आधी गरम पाण्यानं दोन-तीनदा विसळून घ्या, तिच्या तोंडाच्या बारीक भोकांत पावडर अडकून बसते.