हिरवी रेषा आणि जॉबशीटवरची एक ओळ

परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावी स्मार्टफोन बदलणे ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतःच करण्याची ‘ई-पीक पाहणी’ महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, बँकेचे काम ओटीपीवाचून, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या अंकांवाचून, पुढे सरकेनासे झाले, आणि जुना फोन धडधाकट असला तरी त्यावर नवी ॲप चालत नाहीत म्हणून तो बाजूला ठेवणे भाग पडू लागले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यातील मोबाइलच्या दुकानांत जी गर्दी दिसते तिच्यात हौस जितकी असते तितकीच निकडही असते, आणि या निकडीमुळेच विक्रीनंतर ग्राहकाच्या वाट्याला येणारी वागणूक हा गांभीर्याने तपासण्याचा विषय ठरतो.

स्मार्टफोन आणि पूर्वीच्या घरगुती वस्तू यांत एक मूलभूत फरक आहे. पंखा किंवा मिक्सर विकला गेला की त्यावरचा उत्पादकाचा हात सुटतो. स्मार्टफोनमध्ये मात्र उत्पादक कंपनी विक्रीनंतरही ‘अपडेट’च्या रूपाने, म्हणजे फोन चालवणाऱ्या प्रणालीत दुरून केलेल्या फेरफाराच्या रूपाने, वारंवार हात घालत राहते. अपडेट दोन प्रकारचे असते : प्रणालीतील चोरवाटा बुजवणारे सुरक्षा-अपडेट, आणि फोनची प्रणालीच नव्याने बसवणारे आवृत्ती-अपडेट. नवी आवृत्ती एकदा बसली की बहुतेक फोनांवर सामान्य ग्राहकाला जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही. किंमत ग्राहकाने मोजायची आणि वस्तूच्या अंतरंगात बदल करण्याचा अधिकार कंपनीने राखायचा, अशी ही व्यवस्था आहे. हा अधिकार ज्याच्याकडे राहतो त्याच्याकडेच परिणामांची जबाबदारीही राहिली पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तुत लेखिकेने दिवाळीत जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन आणि उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याचे ठरवून फाइव्ह-जी फोन घेतला. त्यातला आनंद खरा होता : महाशिवरात्रीच्या यात्रेत रोषणाईने उजळलेल्या वैद्यनाथ मंदिराची रात्रीची छायाचित्रे या फोनने जशी टिपली तशी जुन्या फोनवर कधीच आली नव्हती, आणि ती परगावच्या नातेवाइकांना पाठवण्यात घरातील प्रत्येकाला उत्साह होता. मे महिन्यात आवृत्ती-अपडेट आले, ते कंपनीच्या सूचनेनुसार रात्री बसवले गेले, आणि फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी हिरवी रेषा उमटलेली होती. फोन त्या वेळी टेबलावर होता, कव्हरमध्ये होता, काचेवर ओरखडाही नव्हता, तो कधीही पडलेला नव्हता, आणि हमीचे वर्ष संपायला बराच अवधी होता.

ही रेषा म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. आजच्या अनेक फोनांचा पडदा ‘ॲमोलेड’ प्रकारचा असतो, म्हणजे त्यातील प्रत्येक सूक्ष्म ठिपका स्वतःचा प्रकाश स्वतः देतो. या ठिपक्यांच्या उभ्या रांगांना आज्ञा पोहोचवणारी चिप आणि पडदा यांची जोडणी अतिशय नाजूक, लवचिक पट्टीने केलेली असते, आणि ती जोडणी एखाद्या जागी निकामी झाली की तेवढी रांग आज्ञेवाचून एकाच रंगात पेटून राहते. आवृत्ती-अपडेट बसत असताना प्रोसेसरवर मोठा ताण येतो आणि फोन तापतो, त्यामुळे मुळातच कच्ची असलेली जोडणी नेमकी त्या वेळी हार खाऊ शकते. भारतात हा दोष इतक्या फोनांत दिसला की २०२४ मध्ये काही नामवंत कंपन्यांनी आपल्या ठरावीक मॉडेलांसाठी, हमी संपलेली असली तरी, पडदा मोफत बदलून देण्याची योजना जाहीर केली. फोन न पडताही अशी रेषा येते, याची याहून स्पष्ट कबुली कोणती असावी?

लेखिकेच्या फोनची कंपनी मात्र वेगळी होती आणि तिचे अधिकृत सेवा केंद्र लातूरला होते. तेथील कर्मचाऱ्याने फोन हातात घेताच, तो न उघडता, “अपडेटनंतर येतंय हे मॅडम, रोज येतात असे” असे सहज सांगितले, आणि बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या फोनवरही तशीच रेषा दिसत होती. त्यानंतर त्याने जॉबशीट, म्हणजे फोन कोणत्या स्थितीत आणि कोणत्या तक्रारीसह केंद्रात जमा झाला याची नोंद करणारा कागद, छापून सहीसाठी पुढे सरकवला. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की फोनला बाह्य आघाताने इजा झाली आहे आणि हमी लागू नाही. तोंडी एक आणि कागदावर दुसरे, आणि दोन्ही एकाच माणसाकडून काही मिनिटांच्या अंतराने : या क्षणी लेखिकेच्या ध्यानात आले की येथे फोनची तपासणी होणारच नव्हती, तपासणीचा निष्कर्ष आधीच छापला गेला होता.

विचारणा केली असता “सिस्टीममध्ये तसंच टाकावं लागतं” असे उत्तर मिळाले. वरिष्ठाला बोलावल्यावर त्याने फोनकडे नव्हे तर पत्त्याकडे पाहिले आणि म्हटले, “परळीचा फोन आहे ना? राख गेली असेल आत.” त्यापाठोपाठ मराठवाड्याचे ऊन आणि ‘तुमच्याकडची’ कमी-जास्त होणारी वीज ही कारणेही आली. परळीचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ पासून चालू आहे, त्याच्या राखेचा त्रास या शहराने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे, आणि त्या त्रासाचा उपयोग हमी नाकारण्यासाठी व्हावा याची चीड कोणत्याही परळीकराला येईल. शिवाय हा युक्तिवाद तर्काला धरूनही नाही : राखेचे कण सिम-ट्रेत किंवा चार्जिंगच्या खोबणीत साचू शकतात, ते पडद्यावर सरळ उभी रेषा आखत नाहीत, विजेचा चढउतार आधी चार्जर सोसतो, आणि मे महिन्यात चाळिशीपार जाणारे तापमान कंपनीला अज्ञात असण्याचे कारण नाही, कारण हाच फोन तिने याच बाजारात विकला, आणि विकताना राखेची किंवा उन्हाची कोणतीही अट घातली नव्हती.

सहीशिवाय फोन जमा होणार नाही असे सांगितले गेल्याने लेखिकेने सहीखाली स्वतःच्या अक्षरात ‘बाह्य आघाताची नोंद अमान्य, फोन पडलेला नाही’ असा शेरा लिहिला आणि सोबत आलेल्या भाच्याने त्या कागदाचे छायाचित्र काढले. पुढे ईमेलवर आलेल्या प्रतीत हा शेरा नव्हता. पडद्याचा खर्च फोनच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास सांगण्यात आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवल्यावर कंपनीने ‘ग्राहकाने जॉबशीट मान्य केली आहे’ असे उत्तर दिले आणि तक्रार बंद झाली. ही हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून समेट घडवू पाहते, आदेश देत नाही, हे ग्राहकाने आधीच जाणून असावे. प्रकरण आता जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे आणि त्या छायाचित्रातला हस्तलिखित शेरा हा त्यातील मुख्य पुरावा आहे.

ग्राहक चळवळीचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता, तो १९८६ मध्ये आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने लहान गावातील ग्राहकाला एक मोठी सोय दिली : कंपनीचे कार्यालय कोठेही असो, ग्राहक जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे परळीच्या रहिवाशाला मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागत नाही, बीड पुरेसे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. दोष तपासणीवाचून ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

अपडेटमुळे हानी होते हे म्हणणे कोणा एका ग्राहकाची तक्रारखोरी नव्हे. इटलीच्या स्पर्धा-नियामकाने २०१८ मध्ये अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार स्मार्टफोनचे सुटे भाग आणि अपडेट अनेक वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आले. भारतात ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, परंतु ते माहिती देते, कंपनीचा हात धरत नाही.

या अनुभवातून इतरांना उपयोगी पडावीत अशी काही सूत्रे निघतात. सुरक्षा-अपडेट टाळू नये; आवृत्ती-अपडेट मात्र आल्या दिवशी बसवण्याची घाई करू नये, त्याच मॉडेलच्या इतर ग्राहकांचे काय झाले हे काही आठवडे पाहावे, आणि बसवायचेच तर फोन थंड असताना, कव्हर काढून, आधी सर्व माहितीची प्रत घेऊन बसवावे. बिलावर पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनची ओळख सांगणारा क्रमांक, छापून घ्यावा. दुकानातील गुळगुळीत कागदावरची छपाई उष्णतेने पुसट होते, म्हणून बिलाची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. नवा फोन काही महिने नीट चालेपर्यंत जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नये, कारण दुरुस्तीच्या काळात ओटीपी कोठे येणार हा प्रश्न दुकानदार विचारत नाही. सेवा केंद्रात फोन देण्यापूर्वी चारही बाजूंचे, सिम-ट्रेचे आणि चालू पडद्याचे चित्रीकरण करावे, पासवर्ड कोणालाही सांगू नये, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. कर्मचारी तोंडी जे कबूल करतो ते त्याच दिवशी ईमेलने कंपनीला लिहून कळवावे. तोंडी कबुलीला नंतर कोणी मालक राहत नाही.

आयोगापुढील सुनावणी मुख्यतः शपथपत्र आणि कागदपत्रांवर चालते, म्हणून ग्राहकाचा खटला आयोगात नव्हे तर सेवा केंद्राच्या काउंटरवरच उभा राहतो किंवा कोसळतो. जॉबशीट पूर्ण वाचावी, इंग्रजी समजत नसेल तर प्रत्येक ओळीचा अर्थ विचारावा, मागे रांग आहे म्हणून संकोचू नये. लिहिलेले खरे नसेल तर तसे त्याच कागदावर मराठीत लिहावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि मगच फोन त्यांच्या हाती द्यावा.