अहवालाखालची सही

घरात कोणी आजारी पडले की रक्त तपासायला देतात आणि संध्याकाळी अहवालाचा कागद हाती येतो. त्यावरचे आकडे सारे वाचतात. तळाची सही मात्र कोणी पाहत नाही. आज त्या सहीचाच विचार करू.

जतमधील माझ्या एका शेजाऱ्यांच्या मानेवर गाठ आली. ती काढून तपासायला पाठवली, तेव्हा कर्करोग निघाला. त्यांनी विमा उतरवला होता. कागदपत्रे पाठवली, पण महिन्याभराने ती परत आली. अहवालावर डॉक्टरांच्या नावाचा शिक्का होता. सही नव्हती आणि नोंदणी क्रमांकही नव्हता. मुलगा मला म्हणाला, "सर, आजार खरा, खर्च खरा, मग एका सहीपायी एवढे अडावे का?"

उत्तरासाठी गाठीची तपासणी कशी होते ते पाहिले पाहिजे. गाठीचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातील पाणी काढून त्या जागी वितळलेले मेण भरतात. मेण थिजले की घट्ट ठोकळा तयार होतो. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घेतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप मावतील!

इतका पातळ काप कशाला? कारण सूक्ष्मदर्शकात प्रकाश पदार्थाच्या आरपार जावा लागतो. काप जाड असेल तर पेशींचे थर एकावर एक येऊन चित्र पुसट होते. पातळ काप मात्र जवळजवळ रंगहीन दिसतो. म्हणून तो रंगवतात. हिमॅटॉक्झिलिनने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे होते, तर इओसिनने पेशीद्रव गुलाबी होते. प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रॉन असल्यामुळे 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू या सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसत नाहीत. पेशी त्याहून कितीतरी मोठ्या असतात, म्हणून आपले काम भागते.

येथवरचे काम तंत्रज्ञ करतो आणि ते कौशल्याचे असते. पण केंद्रके वाजवीपेक्षा मोठी झाली आहेत का, पेशी आपली हद्द ओलांडून शेजारच्या भागात घुसल्या आहेत का, हा निर्णय विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, देतो. त्यासाठी बारावीनंतर साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., एक वर्ष आंतरवासिता आणि तीन वर्षे एम.डी., अशी एकंदर साडेआठ वर्षे शिकावे लागते. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2017 रोजी उचलून धरला.

या शास्त्राचा आपल्याकडील पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. 1941 मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा त्यांनी अभ्यास केला. रुग्णाशी फारसा न बोलणारा हा डॉक्टर काचपट्टीवरून समाजाच्या सवयी वाचत होता!

आता विम्याकडे वळू. विम्याचा पैसा हजारो लोकांच्या हप्त्यांतून जमतो. दावा तपासणाऱ्याने गाठ पाहिलेली नसते. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. म्हणूनच गंभीर आजाराच्या विम्यात कर्करोगाला ऊतींच्या तपासणीचा पुरावा लागतो. सही म्हणजे "हे मी पाहिले, याची जबाबदारी माझी" असे सांगणारा माणूस. सही नसलेला अहवाल हा एकक न लिहिलेल्या उत्तरासारखा असतो.

विमा कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयात बरेचदा पैसे आधी भरावे लागत नाहीत. बाहेर तपासणी केली, तर डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि सही असलेला अहवाल हे तिन्ही जपून ठेवावेत. 2012 मध्ये सुरू झालेल्या आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या जन आरोग्य योजनेत, संलग्न रुग्णालयातील तपासण्या उपचाराच्या ठरावीक रकमेतच धरलेल्या असतात.

शेजाऱ्यांचे पुढे काय झाले? मेणाचा ठोकळा आणि काचपट्टी प्रयोगशाळेत जपून ठेवलेली होती. डॉक्टरांनी काचपट्टी पुन्हा पाहून रीतसर सही केली, नोंदणी क्रमांक घातला आणि दावा मंजूर झाला. पण मधले दोन महिने त्या घराने उसनवारीवर काढले. वेळीच सही पाहिली असती, तर ते टळले असते.

करून पाहा :

1. कांद्याचा पातळ पापुद्रा आणि जाड तुकडा आयोडीनने रंगवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेशी कशात स्पष्ट दिसतात? का?

2. घरातील एखादा जुना अहवाल घ्या. त्यावर रुग्णाचे नाव, तारीख, डॉक्टरांची पदवी, नोंदणी क्रमांक आणि सही आहे का, ते तपासा. एखादी गोष्ट नसेल, तर वडीलधाऱ्यांना दाखवा.